डोळे धुवायचा नळ

अकोल्याला आमच्या माती-संशोधनाच्या प्रयोगशाळेत सुरक्षेचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी जरा जास्तच मनावर घेतलं होतं. दर हिवाळ्यात सराव व्हायचा. मी शिट्टी फुंकायची, कुणीतरी डोळ्यात ॲसिड उडाल्याचं सोंग करायचं, दुसऱ्यानं त्याला डोळे धुवायच्या नळापाशी न्यायचं. एखादा हसला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. काचेची भांडी धुणाऱ्या मावशी रोज अकोटहून एसटीनं यायच्या. त्या म्हणायच्या, "मॅडम, तुमच्या लग्नात भटजीले तुमीच शिकवलं असंन."

मे महिन्यातल्या एका दुपारी त्यांच्याच डोळ्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी उडालं. धुवायच्या भांड्यांत कुणीतरी अर्धी भरलेली बाटली ठेवून दिली होती, ती कलंडली. मी त्यांना धरून नळापाशी नेलं आणि कळ दाबली. पाणी डोळ्याला लागलं आणि मावशी ओरडून मागे सरल्या.

"मॅडम, पोळून राहिलं. चहाचं आधन हाय हे."

मी धारेखाली हात धरला, तो ठेववेना. टाकी गच्चीवर, लोखंडी पाइप उन्हातल्या भिंतीवरून आलेला. घरी एप्रिल लागला की मी पहाटेच बादल्या भरून ठेवते. दुपारच्या नळाखाली आमच्याकडे कुणी पायही धुवत नाही. सगळा जन्म वऱ्हाडात गेला आणि मी सराव मात्र दरवर्षी जानेवारीत घेतला. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच.

व्हरांड्यात प्यायच्या पाण्याचे दोन रांजण होते. माझे विद्यार्थी तांब्या, जग, हाताला लागेल ते घेऊन धावले. मी फरशीवरच बसले, मावशींचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटांनी पापण्या उघड्या धरल्या. मुलं पाळीपाळीनं गार पाण्याची धार धरत राहिली. पापण्या मिटू बघायच्या, मी मिटू द्यायची नाही. मावशींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी वाकली. रांजण संपले तेव्हा शेजारच्या विभागातले माठ आले.

"दुसऱ्या डोयात मोतीबिंदू हाय मॅडम," त्या मध्येच हळू आवाजात म्हणाल्या. "हाच एक कामाचा होता."

इतकी वर्षं सोबत काम करून मला हे ठाऊक नव्हतं. कुठली बाटली कुठल्या कपाटात आहे ते मी झोपेतही सांगितलं असतं. मला रडू आलं, आणि दोन्ही हात अडकलेले असल्यामुळे ते पुसताही येईना. गाडीत बसवल्यावरही दवाखान्याच्या दारापर्यंत मी तांब्यानं पाणी घालतच राहिले. डॉक्टरांनी तपासलं, पट्टी बांधली आणि नजरेचं नंतर बघू एवढंच म्हणाले.

ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. गच्चीवरच्या टाकीला सावली करून घेतली, पाइपला गोणपाट गुंडाळलं, तरी घास घशाखाली उतरेना.

पाचव्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टरांनी मोतीबिंदूचा डोळा झाकला आणि समोर काय दिसतं ते विचारलं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. मावशींनी तिकडे पाहिलंच नाही. त्या मान वळवून कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

"मॅडम लय वायल्या, गाल बसले," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "चार दिवस नाई जेवल्या वाटते."