रास्त भावाचं शिसं

शेजारच्या निवृत्त प्लंबरला मी घरात बोलताना 'ते' म्हणायचो. आता 'तो' म्हणतो. माझ्या आईला हा बदल फोनवरून कळला आणि तिने विचारलं, "भांडलात का?" भांडण झालंच नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही आयर्लंडमध्ये लिक्सलिपला राहतो. मी चिपच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनियर आहे, बायको घरून काम करते, मुलगी शाळेत जाते. दोन हजार वीसच्या पहिल्या लॉकडाउनमध्ये घराभोवती दोन किलोमीटर फिरायची मुभा होती. त्या दिवसांत भिंतीपलीकडच्या प्लंबरशी ओळख वाढली. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती. आम्ही त्याला पोळी-भाजी द्यायचो, तो आमचा गळका नळ दुरुस्त करायचा. मुलगी त्याला ग्रँडॅड म्हणायला लागली.

उन्हाळ्यात बंधनं सैल झाल्यावर त्याने मला विकलो काउंटीच्या किनाऱ्यावर मासेमारीला नेलं. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या कोणी मासा शिजवलेला नाही. पण त्या दगडांवर उभं राहून समुद्रात गळ फेकताना कित्येक महिन्यांनी मला मोकळा श्वास घेता आला. मी पकडलेले मासे तोच घरी न्यायचा.

गळ लांब जावा म्हणून दोरीला शिशाचं वजन बांधतात. ते खडकांत अडकतं आणि तुटतं. एका रविवारी माझी सात वजनं गेली. प्लंबर म्हणाला, "विकत काय घेतोस? माझ्याकडे साचे आहेत. भंगारातलं शिसं आण, आपण ओतू."

मी भंगारवाल्याकडे गेलो. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि असा भाव सांगितला, की त्यात तयार वजनंच आली असती. दुसऱ्या दिवशी प्लंबर एकटाच गेला आणि तेवढंच शिसं निम्म्या पैशांत घेऊन आला. "तुझा चेहरा पाहून सांगितलं असेल," तो हसत म्हणाला. मीही हसलो. अशा गोष्टींवर हसायची सवय इथे लवकर लागते.

त्याच्या शेडचं दार उघडं ठेवून आम्ही शिसं वितळवलं. शिसं ओळखायचं कसं, तेही त्यानेच शिकवलं. नखाने ओरखडा उठला पाहिजे. गाडीच्या चाकांची जुनी वजनं तपासून घ्यायची, त्यात जस्त असलं की सगळा घाणा बिघडतो. ओलं काही भांड्यात पडता कामा नये, नाहीतर उकळतं शिसं तोंडावर उडतं. वरची मळी चमच्याने काढली की खाली आरशासारखं चकचकीत शिसं दिसायचं. बरीच वर्षं मी संगणकाच्या पडद्यावरचे आकडे पाहण्यात घालवली होती. हाताने केलेली वस्तू थंड होऊन साच्यातून खळकन पडली, की मला वेडा आनंद व्हायचा.

ऑक्टोबरात पुन्हा सगळं बंद झालं. एकमेकांच्या घरी जायला मनाई होती. प्लंबरने गॅसची शेगडी, भांडं आणि साचे भिंतीवरून मला दिले. "तू ओत. उन्हाळ्यापर्यंत दोघांना पुरतील एवढी करून ठेव." शिसं संपलंय म्हटल्यावर त्याने एक नंबर दिला. "छपरं दुरुस्त करतो. ओळखीचा आहे. तुला फसवणार नाही, रास्त भाव लावेल."

तो छपरवाला फेब्रुवारीत एका संध्याकाळी व्हॅन घेऊन आला. त्याने शिशाच्या पत्र्याच्या गुंडाळ्या माझ्या फाटकाशी उतरवल्या. भाव भंगारवाल्यापेक्षाही खाली होता. तरी मी पुणेकर, मी घासाघीस केली. तो चटकन कबूल झाला.

इतका चटकन, की मला तिथेच थांबायला हवं होतं.

पत्रे मी दुसऱ्या दिवशी उलगडले. एका बाजूला जुनं शेवाळ होतं, खिळ्यांची भोकं होती, आणि कापलेली कड ताजी, चंदेरी होती. दुरुस्तीत काढलेला पत्रा फाटलेला असतो, भेगाळलेला असतो. हा चांगला होता. चांगला पत्रा कोण काढतं? प्रश्न डोक्यात आला, हे मला स्पष्ट आठवतं. त्याच दुपारी मी छपरवाल्याला मेसेज केला: माल उत्तम आहे, याच भावात आणखी वीस किलो मिळेल का?

एप्रिलमध्ये दारावर थाप पडली. बायको वर मीटिंगमध्ये होती. मुलीने दार उघडलं आणि आत येऊन म्हणाली, "बाबा, द गार्ड्स आर हिअर."

दोन गार्डा होते, म्हणजे इथले पोलीस. मास्क लावलेले, अंतर राखून उभे. त्यातली बाई सौम्य बोलत होती. छपरवाल्याला दुसरीकडे पकडलं होतं आणि त्याच्या फोनमध्ये माझा नंबर मिळाला होता. तिने माझाच मेसेज मला वाचून दाखवला. माझे शब्द तिच्या आयरिश हेलात ऐकताना मी मागचं दार ओढून घेतलं, मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून.

"पत्रा कुठला होता, माहीत आहे तुम्हाला?"

"नाही."

"विचारलं होतं?"

"नाही."

पत्रा आमच्या पॅरिशच्या, म्हणजे इथल्या चर्चच्या, जुन्या हॉलच्या छपरावरचा होता. हॉल महिनोन्महिने बंद, त्यामुळे चोरी कोणाला कळलीच नाही. पाऊस आत येत राहिला. छताचं प्लास्टर कोसळलं, लाकडी जमीन फुगून वर आली. त्याच हॉलमध्ये आम्ही मराठी मंडळी दरवर्षी गणपती बसवायचो. मी मोदकांच्या टोपल्या घेऊन त्या जमिनीवरून अनवाणी चाललो होतो.

मी म्हणालो की नंबर शेजाऱ्याने दिला, ओतायचं सामानही त्याचंच आहे. ते दोघे भिंतीपलीकडे गेले. तो त्याच्या बागेत उभा राहून बोलला, मला सगळं ऐकू येत होतं.

"शिसं त्याचं आहे. मी भांडं वापरायला दिलं," तो म्हणाला. "कुठून आणलं, मला काय माहीत? ही माणसं आपापसात काय करतात, आपल्याला कुठे कळतं?"

पहिली दोन वाक्यं खरी होती. तिसरं खोटं होतं. चौथं ऐकून मी आत गेलो आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उगीच उघडून उभा राहिलो.

बायको खाली आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, फक्त मेसेजचं सोडून. तिने विचारलं, "तुला शंका नव्हती आली?" मी म्हणालो, "नाही." तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

माझ्यावर खटला झाला नाही. उरलेला पत्रा आणि ओतलेली वजनं गार्डांनी नेली, जबाब घेतला. पण त्याच महिन्यात आम्ही नागरिकत्वाचा अर्ज भरायला घेतला होता. वकिलाने सांगितलं, लपवू नका, लिहा. म्हणून मी एक पान लिहिलं, की मी शिसं कशासाठी घेतलं आणि ते चोरीचं आहे हे मला ठाऊक नव्हतं. ते पान मी सहा वेळा लिहिलं. बायकोच्या अर्जाला असं पान नव्हतं. तिचा आधी पाठवून दिला.

हॉलची देखभाल करणारी एक बाई होती, साठीची. गणपतीला ती दरवर्षी स्वतः कुलूप काढून द्यायची, आरतीला मागे उभी राहून टाळ्या वाजवायची. मी तिला भेटायला गेलो. दाराबाहेर उभा राहून म्हणालो, दुरुस्तीला काही हातभार लावायचा आहे.

"विमा आहे," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "तुला हॉल माहीत होता रे. बाकीच्या कोणाला नसता तरी तुला माहीत होता."

तो पत्रा तिथला आहे हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणालो. तिने मान हलवली आणि दार लावलं. जोरात नाही, हळूच लावलं.

मे महिन्यात प्रवास खुला झाला. एका शनिवारी प्लंबर भिंतीपाशी आला. "हवा ग्रँड आहे. मासे आलेत म्हणतात. येतोस?"

त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ना अपराधीपणा, ना राग. त्याच्या लेखी काही घडलंच नव्हतं. मुलगी माझ्या शेजारी उभी होती, तिने आनंदाने त्याला हात केला. मी तिला आत जायला सांगितलं आणि त्याला म्हणालो, "तुम्ही त्यांना काय सांगितलंत, ते मी ऐकलंय."

तो गोंधळला. खरंच गोंधळला. "अरे, मी खोटं काय बोललो?"

माझ्याकडे उत्तर होतं. पण ते द्यायला तोंड उघडलं आणि मला माझा तो मेसेज आठवला. मी वळून घरात आलो.

ऑगस्टमध्ये मंडळाच्या मीटिंगमध्ये ऑनलाइन चर्चा झाली, की यंदा जमलं तर छोटा गणपती बसवावा, कुठे, कोणाचा हॉल. आजवर हॉलसाठी फोन मीच करायचो. कोणीतरी घसा खाकरून म्हणालं, "या वेळी दुसऱ्या कोणी केला तर बरं. गैरसमज नको." एक-दोघांनी पडद्यावरच्या आपापल्या चौकोनात मान डोलावली. "चालेल," मी म्हणालो, आणि कॅमेरा बंद केला.