इंजिनाला ‘हो’

आमच्या गुऱ्हाळात चरकाला बैल होते तोवर एक रीत होती. ऊस घालणाऱ्याचं बोट रुळांजवळ गेलं की तो ‘हो!’ म्हणून ओरडे आणि बैल जागच्या जागी थांबत. चुलत्यांच्या, म्हणजे आबांच्या, आवाजाला तर ते मागंही सरकत.

चीनच्या लढाईनंतरच्या हंगामात सांगलीहून तेलावरचं इंजिन आलं, पट्ट्यानं फिरणारा नवा चरक आला. बैलांना दिवस लागे तेवढा ऊस दुपारपर्यंत गाळून होई.

त्या दिवशी ऊस घालायला आबांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, बसला होता. पुढच्या आठवड्यात तो लष्करात भरती व्हायला साताऱ्याला जाणार होता. मी काहिलीखाली चिपाडं सारत होतो.

‘बंदूक धरायचं हात हायती. जपून रं,’ मी म्हणालो.

‘तू जाळ बघ गड्या. गूळ करपला तर आबा तुलाच उकळत्याल.’

इंजिनाचा मिस्त्री चहाला गावात गेला. थोड्या वेळानं उसाबरोबर भावाची बाही रुळांत गेली, मग हात. तो ओरडला, ‘हो! हो!’ चुलते धावत आले आणि इंजिनासमोर उभे राहून बैलांना थांबवायच्या त्याच आवाजात ओरडले, ‘हो! मागं सर!’ मीही ओरडलो. इंजिन चालत राहिलं. रस लाल झाला. हाड मोडल्याचा आवाज इंजिनाच्या ठोक्यांतूनही ऐकू आला. हात कोपरापर्यंत आत गेला.

ते बंद कसं करायचं, आम्हा तिघांनाही माहीत नव्हतं. चुलत्यांनी कुऱ्हाडीनं पट्टा तोडला. तो उसळून त्यांच्या तोंडावर बसला, दात पडले. रूळ थांबले. चरकाचं चाक उलटं ओढून आम्ही हात सोडवला. इंजिन मोकळंच धडधडत होतं. मिस्त्री पळत आला, त्यानं एक कळ ओढली आणि ते थांबलं. चुलत्यांनी कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या हातावर घालून त्याला खाली पाडलं. काहिलीतला गूळ काळा झाला होता.

मिरजेला भावाचा उजवा हात कोपराच्या वर कापला. भरतीच्या दिवशी तो दवाखान्यातच होता. चुलते आणि मी खाटेजवळ बसलो होतो, तेव्हा मिस्त्री भेटायला आला. त्याचाही हात गळ्यात बांधलेला.

‘मिस्त्री, ती कळ डाव्या हातानं वढता येती का?’ भावानं विचारलं.

‘येती की.’

‘मग मला शिकवा. आबा, आवं, फुडल्या हंगामाला इंजिनावर मी बसतो.’

चुलत्यांनी मिस्त्रीच्या थोबाडीत मारली. मग म्हणाले, ‘शिकीव त्याला.’