दुबईच्या बॅगेतले डिंकाचे लाडू

लाडवाचा पहिला घास चावला, दाताखाली बारीक दाणे कुरकुरले आणि मी उरलेला लाडू खाली ठेवला.

"मावशी, यात खसखस आहे?"

"हाय की! चांगली भाजून घातलीय. खसखशीबिगर डिंकाचा लाडू असतो व्हय?"

सुमनमावशी माझ्या टेबलासमोर, उघड्या बॅगेशेजारी बसल्या होत्या. त्यांना फक्त लाडू कसा झालाय ते ऐकायचं होतं. लाडू फार सुरेख झाला होता. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींचं मुंबईहून दुबईचं विमान होतं, आणि बॅगेतल्या डब्यात असे चाळीस लाडू होते.

मी लोणावळ्यात तिकिटं, व्हिसा, टूर अशी कामं करते. पहिल्यांदा परदेशी निघालेल्या माणसाला मी आदल्या दिवशी भरलेली बॅग घेऊन ऑफिसात बोलावते. बॅग काट्याला लावते आणि मग सगळ्यांसमोर उघडायला लावते. काहींना हा आगाऊपणा वाटतो. वाटू दे. एका काकांच्या हँडबॅगेतून मी अडकित्ता काढलाय. विमानतळावर निघाला असता तर वडिलोपार्जित अडकित्ता तिथल्या टोपलीत गेला असता.

मावशी आणि त्यांचे यजमान मळवलीत एका बंगल्याची राखण करतात. मुलगी अर्चना दुबईत नर्स आहे. तिला नववा महिना लागला होता, पहिलंच बाळंतपण, आणि जावयाची शिफ्ट ड्यूटी. दादरची चैत्यभूमी सोडली तर मावशींनी लांबचा प्रवास केलेला नव्हता. पण माझं एकही सांगणं त्यांनी खाली पडू दिलं नव्हतं. पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या पिशवीत होती. बीपीच्या गोळ्यांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी होती. लेकीचा पत्ता आणि फोन एका कार्डावर लिहून पर्समध्ये ठेवलेला होता. शेजारणीनं दुबईतल्या आपल्या मुलासाठी दिलेलं बंद पुडकंसुद्धा त्यांनी परत केलं होतं. तेव्हापासून शेजारीण त्यांच्याशी बोलत नव्हती.

आणि आता मला त्यांच्या लाडवांवर बोट ठेवायचं होतं.

"मावशी, हे नेता येणार नाहीत."

"वजन जास्ती भरलं का? मंग दोन लुगडी काढते."

"वजनाचं नाही. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. आपल्याकडे वाण्याकडे मिळतं. तिकडे ते नशेच्या मालात धरतात. कच्ची असो, भाजलेली असो, लाडवातली असो. सापडली तर तुरुंगापर्यंत जातं प्रकरण."

मावशी हसल्या. "ताई, बाळंतिणीचा लाडू खाऊन कुणाला नशा येती?"

"मला पटतंय हो. तिथल्या ऑफिसरला पटायला हवं ना."

त्यांचं हसू गेलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि डबा मांडीवर घेतला. "मंग मला न्हाई जायाचं. पैली येळ हाय पोरीची. रिकाम्या हातानं जाऊन काय करू तितं? मला तितली भाषा येत न्हाई, दवाखान्यातलं काय कळत न्हाई. मला येतं ते एवढंच हाय."

आमच्या धंद्यात माणसं भांडतात, ओरडतात, त्याची सवय आहे. ही बाई आवाज न चढवता प्रवास रद्द करत होती, आणि तिकडे एक मुलगी दिवस मोजत होती.

मी अर्चनाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. खसखस म्हटल्याबरोबर ती घाबरली. "मॅडम, एक दाणासुद्धा नको! आई, ऐकतेस ना? मला लाडू नकोत, तू ये."

"तुला कशाला नकोत? तुला काय कळतंय," मावशी म्हणाल्या. लेकीच्या विनवणीनं त्या तसूभर हलल्या नाहीत.

फोन ठेवल्यावर मी व्हिसाचा कागद काढला. "मावशी, हे बघा. तुमचा व्हिसा अर्चनाच्या नवऱ्यानं काढलाय. त्याला स्पॉन्सर म्हणतात, म्हणजे तुम्हाला जामीन राहिलेला माणूस. तुमच्या बॅगेत काही सापडलं तर तुम्हाला तर धरतीलच, पण चौकशी त्याच्या दारातही जाऊ शकते. या दिवसांत."

त्यांनी कागदावर नाव असलेल्या जागी बोट ठेवलं. वाचता येत होतं त्यांना. सावकाश वाचलं. मग डबा उचलून माझ्या टेबलावर ठेवला.

"तुमी खावा. पाठीला बरं असतंय."

डबा काढून भागणार नव्हतं. खसखस बारीक, कुठेही शिरते. डबा फडक्यात गुंडाळला होता, फडकं साड्यांमध्ये होतं. आम्ही एकेक साडी गच्चीत नेऊन झटकली. बॅगेच्या शिवणीत दोन दाणे दिसले, तेव्हा मी माझी बॅग देऊन टाकली. मावशी पुन्हा घड्या घालत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

"मावशी, खसखशीशिवाय लाडू वळतात का हो?"

"वळत्यात. पन..." त्या थांबल्या. "माज्या घरी न्हाई जमायचं. परात, मिक्सर, समद्यात खसखस असंल."

"माझ्या घरी चला."

डिंक, खारीक, सुकं खोबरं, गूळ घेऊन आम्ही तुंगार्लीला माझ्या घरी गेलो. मी आणलेल्या खारकेला त्यांनी आधी नावं ठेवली. मग माझ्या कढईला. तुपात डिंक फुलायला लागला तसा त्यांचा आवाजही मोकळा झाला. खसखशीच्या जागी त्यांनी खोबरं वाढवलं, चिमूटभर सुंठ घातली. मला किसणीवर बसवलं आणि दर पाच मिनिटांनी "जाड किसताय" म्हणून रागावल्या. माझी आई माझ्या लग्नाआधीच गेली. माझ्या दोन्ही बाळंतपणांत लाडू विकतचेच होते. त्या दुपारी खोबरं किसताना मला ते फार जाणवलं. मी तसं त्यांना बोलूनही दाखवलं. पहिला गरम लाडू वळून त्यांनी माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी मावशी गेल्या. संध्याकाळी अर्चनाच्या फोनवरून बोलल्या. कस्टममध्ये बॅग उघडायला लावली होती. "त्यानं लाडू फोडून बघितला, ताई. म्या म्हनलं खा. खाल्ला न्हाई. बाळंतिणीचं खायाला लाजत आसंल." पलीकडे अर्चना हसत होती आणि तिच्या तोंडात काहीतरी होतं, कारण बोलणं नीट कळत नव्हतं. बाळंत व्हायच्या आधीच तिनं डबा उघडला होता. नऊ दिवसांनी मुलगी झाली. दोघी सुखरूप.

आता माझ्या चुकीबद्दल. तिकीट काढतानाच मी मावशींना दोनदा विचारलं होतं, "खाण्याचं काही नेताय का?" दोन्ही वेळा त्या "न्हाई" म्हणाल्या होत्या. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. खाणं म्हणजे वाटेतली चपाती-भाजी. लाडू त्यात येतच नाहीत, ते आईचं काम असतं. तेव्हापासून मी तो प्रश्न बंद केलाय. आता मी विचारते, "लेकीसाठी काय केलंय?" मग माणसं खुर्ची पुढे ओढतात आणि सगळं सांगतात.