ओतलेलं पाणी

"पड पालथा," पाटील म्हणाले. "आन् पोहून दाखव."

चावडीपुढच्या फुफाट्यात मी पालथा पडलो.

"हात मार की. पाय बी हालव. असा मढ्यावानी काय पडलास?"

मी हात मारले. पाय हलवले. फुफाटा नाकातोंडात गेला. चावडीच्या ओट्यावर गिरदावर बसला होता. गिरदावर म्हणजे दहावीस गावांच्या महसुलावर नजर ठेवणारा निजामाचा माणूस. पद तसं लहान, पण आमच्या गावात तो यायचा तेव्हा प्रत्यक्ष निजामच आल्यासारखा यायचा. अंगात शेरवानी, कमरेला बगलूस. बगलूस म्हणजे शेरवानीवर बांधायचा जरीचा रुंद पट्टा, पुढं पितळेचं भलंमोठं बक्कल. दरबारी लोक तो बांधत. गिरदावराला तो बांधायचा हक्क होता की नाही, मला आजही ठाऊक नाही. पण तो बांधायचा, आणि विचारणारं कुणी नव्हतं.

"बघा साहेब," पाटील म्हणाले, "आमच्या गावचं आरमार."

लोक हसले. गिरदावरही हसला, पानाची पिंक शेरवानीवर सांडणार नाही एवढ्या बेतानं.

"दर्या में बी ऐसाच तैरता क्या रे?" त्यानं विचारलं.

माझा बा बाजूला उभा होता. साहेबाचं बोचकं त्याच्या डोक्यावर होतं. तो स्वतःच्या पायांकडं बघत होता. मी पोहत राहिलो. "बास" म्हणेपर्यंत पोहलो.

माझा गुन्हा एवढाच होता की मी आरमारात भरती झालो होतो. लढाई चालू होती. बार्शी इंग्रजी हद्दीत, आणि इंग्रजाला माणसं हवी होती. गावात न सांगता मी बार्शीला गेलो, तरी बातमी गावात पोचलीच. तिथल्या डॉक्टरनं दात बघितले, गुडघे ठोकले, छातीला फीत लावली आणि तोंड वाकडं केलं. छाती थोडी कमी भरत होती. तरी त्यानं पास केलं. माणसांची टंचाई असली की सरकारची फीतही सैल होते. भरती करणारा हवालदार म्हणाला, "संक्रांतीनंतरची गाडी. आधी छाती वाढव. आणि पोहायला शीक. कराचीला पाण्यात ढकलतात. बुडेल त्याला झाडू देतात, नाहीतर घरी धाडतात."

झाडू आणि घर. घरी माझ्यासाठी काय होतं ते मला माहीत होतं. बाचं बोचकं.

पळण्याची तयारी मला करावी लागली नाही. ती गावानं करून घेतली होती. साहेब दौऱ्यावर आला की त्याच्या घोड्यापुढं पुढच्या गावापर्यंत पळायचं, ही आमच्या घराची वेठ. मिसरूड फुटायच्या आधीपासून मी पळत होतो. घोड्याचा श्वास मानेवर आला की पाय आपोआप उचलतात. कुठल्याही पलटणीत असा उस्ताद मिळायचा नाही.

अडचण पाण्याची होती.

गावात पोहण्याजोगी एकच विहीर, पाटलांची. गावची पोरं पाठीला वाळका भोपळा बांधून तिच्यात शिकायची. पाटलांच्या म्हशीही तिच्या पाण्यावर धुतल्या जायच्या. आम्ही मात्र तिच्या कडेला शिवायचं नाही. आय रोज सकाळी घागर घेऊन लांब उभी राहायची. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. नाही आली तर ऊन वर येईपर्यंत उभं राहायचं. त्या विहिरीची मोट ज्या बैलाच्या कातड्याची होती, तो बैल मेल्यावर माझ्या बानं ओढून नेला होता, बानंच सोलला होता. ते कातडं दिवसभर पाण्यात बुडून वर यायचं. विहीर बाटायची नाही. हे कोडं मी शाळेतल्या मास्तरांना घातलं होतं. त्यांनी उत्तर म्हणून छडी दिली.

पोहायला मला करीमचाचांनी शिकवलं. ते भिस्ती. दौऱ्यावरच्या साहेबांना पाणी पुरवणं हे त्यांचं काम. गावाबाहेर रेल्वेसाठी दगड काढलेली जुनी खाण होती. तिच्यात पावसाचं पाणी साचायचं, म्हशी बसायच्या. तिथं त्यांनी मला नेलं आणि बकऱ्याच्या कातड्याची आपली मशक माझ्या हातात दिली.

"फुगव," म्हणाले.

"तोंडानं?"

"मग काय भात्यानं? तुझी छाती कमी भरली म्हणं ना? भर आता."

मी फुगवायला लागलो. डोळ्यांपुढं काजवे चमकले. मशक अर्धी फुगली की चाचा तिचं तोंड सोडून द्यायचे. "हवा गेली बघ. पुन्हा." असं करत करत एक दिवस मशक गच्च फुगली. ती त्यांनी माझ्या पोटाखाली बांधली आणि मला खाणीत ढकललं.

पाणी थंड आणि हिरवं. पायाखाली काही नाही. मी किंचाळलो असेन, कारण काठावरून चाचांचा आवाज आला, "ओरडू नको रे! ओरडलास की हवा जाती. हवा गेली की आरमार गेलं."

हळूहळू मशक अर्धी झाली, मग नुसती गळ्यात लोंबायला लागली, मग काठावर राहिली. मी बुडी मारून तळाचा दगड आणायला शिकलो. गुराख्यांनी बातमी गावभर केली. आरमार खाणीत पोहतंय.

संक्रांत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बार्शीहून माझी गाडी होती. आदल्या दिवशी दुपारच्या आत निघायचं, म्हणून मी कांबळं बांधत होतो. तेवढ्यात चावडीचे निरोप पोचवणारा तराळ पळत आला.

"चल लवकर. हिरीवर बलावलंय. पाटलानं."

विहिरीभोवती गाव जमलं होतं. गिरदावर ओल्या धोतरात, उघड्या अंगानं उभा होता. बगलुसाशिवाय तो अगदी साधा माणूस दिसत होता, पोट सुटलेला. अंघोळीआधी त्यानं बगलूस काढून मोटेच्या चाकाला टांगला होता. तो घसरून विहिरीत पडला. दुपारी उस्मानाबादला जिल्ह्याच्या साहेबापुढं, तालुकदारापुढं, उभं राहायचं होतं, आणि बगलुसाशिवाय उभं राहायची त्याची छाती नव्हती. पाटलांच्या पोरांनी बुड्या मारल्या होत्या, पण भोपळ्यावर शिकलेली ती पोरं, अर्ध्यातूनच वर येत होती. गळ टाकून झाला होता. गळाला गाळ लागला.

"तू तळ गाठतोस म्हणं," पाटील म्हणाले. आवाज मऊ होता. इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. "उतर. आजच्यापुरती तुला हीर मोकळी."

मी पाण्याकडं बघितलं. स्वच्छ पाणी, आत उतरत गेलेल्या पायऱ्या. लहानपणापासून या पाण्यात उडी मारायची स्वप्नं बघितली होती. उडी मारायची, तो पट्टा आणायचा, शाबासकी घ्यायची, गाडी पकडायची. सगळं सोपं होतं.

मग मला लांब, बाभळीखाली, आय दिसली. घागर रिकामी. या गडबडीत तिला पाणी ओतायला कुणाला सवड झाली नव्हती.

"उतरतो," मी म्हणालो. "आधी माझी आय घागर भरून घेईल. स्वतःच्या हातानं. मग उतरतो."

मोटेवरून पाणी ठिबकत होतं.

"काय म्हणालास?" पाटलांचा आवाज परत नेहमीचा झाला.

मी तेच परत म्हणालो.

"अरे भरने दो ना पाटील," गिरदावर म्हणाला. "क्या जाता तुम्हारा?"

"साहेब, गाव बाटंल."

"और मेरा बगलूस?"

निजामाचं राज्य आणि गावाचा धर्म असे दोघं समोरासमोर उभे होते, एक ओल्या धोतरात, एक फेट्यात. मधे एक पट्टा. वेळ दुसरी असती तर मी हसलो असतो.

बा पुढं आला. "उतर रं लेकरा," हळूच म्हणाला. "गाडी चुकंल तुजी."

पाटलांनी तोड काढली. कमरेत वाकून कळशी उचलली. "हे बघ. आजवर न्हाय केलं ते करतो. म्या स्वतः वततो तुज्या आयच्या घागरीत. पाटील वततोय. आता तर झालं?"

लोकांनी माना डोलावल्या. केवढा मोठा मान! मला क्षणभर खरंच वाटलं, झालं की.

तेव्हा आय बोलली. गावापुढं ती पहिल्यांदाच बोलत होती.

"मला वतल्यालं न्हाय पायजे."

तिनं रिकामी घागर काखेत घेतली आणि महारवाड्याकडं चालायला लागली. घरात घोटभर पाणी नव्हतं, हे मला माहीत होतं. तिलाही.

मीही उतरलो नाही. पहिला तडाखा पाठीत बसला तो पाटलांच्या हातातल्या मोटेच्या नाड्याचा. ओला नाडा. दुसरा मानेवर. तिसऱ्याला गिरदावरानं हात आडवा घातला, दयेनं नव्हे. त्याला उशीर होत होता.

"इसको मेरे घोड़े के आगे दौड़ाव. उस्मानाबाद की हवालात में देखता मैं."

घोड्यावर तो बसला बगलुसाविना. मी पुढं. घोड्याच्या बाजूनं बा, डोक्यावर बोचकं. हवालात म्हणजे गाडी गेली, आरमार गेलं, जन्म गेला. मी पळत होतो. पाठीवर रक्त सुकून शर्ट चिकटला होता. घोड्याचा श्वास मानेवर होता, नेहमीसारखा.

येडशी मागं पडली. रामलिंगाच्या दरीपाशी रस्ता वळतो. घोड्याला वळण दाखवायचं काम माझं.

मी वळलो नाही. सरळ दरीत उतरलो.

"अरे पकड़ो!" वरून ओरडा आला. टापा थबकल्या. मग धप्पकन् काहीतरी पडल्याचा आवाज आणि घोड्याचं खिंकाळणं. मी मागं बघितलं. बाच्या डोक्यावरचं बोचकं घोड्याच्या पुढ्यात पडलं होतं. शेरवान्या, पानदान, सगळं रस्ताभर. पडलं की टाकलं, मी त्याला पुढं कधीच विचारलं नाही.

झाडीतून, धोंड्यांवरून मी पलीकडच्या टेकाडावर चढलो आणि परत वळून बघितलं. रस्ता खाली स्पष्ट दिसत होता. घोडा उस्मानाबादच्या दिशेनं निघाला होता. त्याच्यापुढं बा पळत होता. पांढऱ्या केसांचा माझा बा, डोक्यावर परत बांधलेलं बोचकं. मधूनच चाबूक वर उठताना दिसायचा.

मी हाक मारली नाही. तोंड फिरवलं आणि पळालो. हवा जाऊ दिली नाही.

निजामाची हद्द संपली तिथं एक दगड आहे. त्याला शिवून मी पुढं गेलो. बार्शीच्या स्टेशनात पोचलो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. जीभ टाळूला चिकटली होती. सकाळपासून घोट नव्हता. फलाटावर पाणीपांड्या बसला होता, माठ पुढं, हातात लांब दांड्याचा डोया. इंग्रजाचं राज्य, इंग्रजाची रेल्वे. मी जवळ गेलो.

त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कोण म्हणायचं?"

मी सांगितलं.

त्यानं डोया उंच धरला. "हं. वंजळ कर."

हद्द बदलली होती. दगड ओलांडून मी आलो होतो, डोया माझ्याआधीच इथं पोचला होता. माझे हात सवयीनं वर आले, एकमेकांना चिकटले. बोटांना फटी पडू नयेत म्हणून कसे दाबायचे, हे मला चालायला शिकण्याआधीपासून येत होतं.

मी हात सोडले.

"का रे? तहान न्हाय?"

"आहे," मी म्हणालो. "ओतलेलं नको."

तो हसला. माठावर झाकण ठेवलं. फलाटाच्या टोकाला इंजिनात पाणी भरायची टाकी होती, तिचा पाइप गळत होता. खाली चिखल झाला होता. मी तिथं गेलो, पाइपाला तोंड लावलं. तेलाचा वास होता, लोखंडाची चव होती. पोट भरेपर्यंत प्यालो.

मग तिथंच बसून ठरवलं. यापुढं ओंजळ करायची नाही. कराचीत नाही, जहाजावर नाही, मरताना नाही. बाच्या पाठीवरचे वळ मी मोजून परत करीन. आणि त्या विहिरीत एक दिवस उतरीन, भर दुपारी, सगळं गाव बघत असताना. तळाला तो पट्टा असेल, बक्कलाला हिरवं चढलेलं. त्याला हात लावणार नाही. आयची घागर बुडवून भरीन, तिच्या हातात देईन, आणि कोण येतंय ते बघत पायरीवर उभा राहीन.