वैरागला नेलेले रोप

सोलापूर म्हणजे चादरी आणि ऊन, एवढ्याच तयारीने मी पुण्याहून निघालो. वळसंगला वडिलांचे जुने स्नेही शिवप्पा यांच्याकडे उतरलो. त्यांनी पहिल्याच सकाळी मला मिरचीत नेऊन उभे केले. निम्म्या रोपांची पाने आक्रसून वाकडी झाली होती.

"ह्यो बोकड्या रोग. कशानं येतो, मास्तर? तुमी शिकल्याली माणसं."

मी गणित शिकवतो. पाणी, खत, दृष्ट, सगळे विचारून झाले आणि मी होतो तितकाच अडाणी राहिलो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र पोटभर खाल्ली.

निघताना शिवप्पांनी एक रोगट रोप मडक्यात लावून दिले. "आमची लेक गंगव्वा वैरागला दिलीया. मिरचीला तिचा हात लई चांगला. तिला दावा की."

मोटारीत मडके मांडीवर. शेजाऱ्याने ते कुठे नेता म्हणून विचारले. "लेकीला दाखवायला," मी म्हणालो, तर तो बिचारा माझ्याहून गोंधळला.

गंगव्वालाही रोग ओळखता आला नाही. पण तिने ते रोप आपल्या हिरव्यागार मिरचीत लावले. "माझ्या म्हायेरचं हाय. मरू कसं देऊ?" पानाखालून पिठासारखे काही उडाले. कौतुकाने मीच तांब्याभर पाणी घातले.

सोलापुरात परतल्यावर शेतकी खात्यातल्या एका साहेबांना हे सहज सांगितले. त्यांचा चेहरा पडला.

"ती पांढरी माशी. रोगट झाडाचा रस पिते, मग चांगल्या झाडाचा. रोग तीच नेते, असं दिसतंय. रोगट झाड उपटून जाळायचं."

पान खात नाही, भोक दिसत नाही, मग नेते तरी काय? साहेबांनी दारातल्या मिरचीचे एक पान भिंगाखाली धरले, तेव्हा मला माशी दिसली. ती काय नेते ते साहेबांनाही दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वैराग गाठले. साहेबांचे म्हणणे ऐकून गंगव्वाने माशी उडू नये म्हणून रोपावर ओले पोते टाकले, ते मुळासकट उपटले आणि चुलीत घातले.

"बाकीच्यास्नी लागलं आसंल?"

"माहीत नाही."

"अप्पांना सांगू नका. जेवायचे न्हाईत."

पुण्यात येऊन कार्ड लिहायला बसलो. शिवप्पांची निम्मी मिरची अजून धड आहे. माशीचे कळवले तर ती वाचेल, पण मडक्यातून आपण लेकीकडे काय धाडले तेही त्यांना कळेल. मला फार वाईट वाटत होते. दोन कार्डे फाडली. तिसऱ्यावर माशीचे सगळे लिहिले, गंगव्वा खुशाल असल्याचे लिहिले. तिच्या मिरचीसाठी ओळभर जागा उरली होती. ती तशीच कोरी ठेवून कार्ड पेटीत टाकले.