बाबांच्या माइकचं बटण

माइकचं बंद करायचं बटण मी तत्त्वासाठी काढून टाकलं.

माइक बाबांचा. मुठीत मावेल असा, जुना, जड. लग्नात भोंगे लावणाऱ्या त्यांच्या एका मित्राने धंदा मोडताना दिलेला. माउथऑर्गन वाजवणारे असा माइक आणि बाजा दोन्ही एकाच ओंजळीत धरतात, हे बाबांनी मोबाइलवर पाहिलं आणि महिनाभर दुसरं काही बोलले नाहीत. आई शाळेतून निवृत्त होणार होती. त्या समारंभात त्यांना वाजवायचं होतं.

दुरुस्ती मी अंगावर घेतली. (नवीन वस्तू विकत घेणं ही शरणागती आहे, असं माझं तेव्हाचं मत. आजही आहे, फक्त मी ते जेवताना सांगत नाही.) आवाज पकडणारा आतला स्फटिक आमच्या उन्हाळ्यांनी केव्हाच मारला होता. त्याच्या जागी जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधली चकती बसवली. ती हलू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचं कडं कापलं. गंज रॉकेलने घासला. आणि बटण उपटून त्या भोकात रंगारी भेगांत भरतात ती लांबी भरली.

"बटण कुठी गेलं वं?" बाबांनी विचारलं.

"काढलं. आवाज दाबायचं साधन मी माझ्या हाताने बनवणार नाही."

"अवं, पण मले मधात खोकला आला तर?"

"खोकलाही जनतेपर्यंत पोचू द्या, बाबा."

आमच्याकडे शेंगदाणेसुद्धा मोर्च्यांच्या पत्रकाच्या पुडीत येत. मी अक्षरं त्याच पुड्यांवर शिकले, त्यामुळे घरातही मला साधं वाक्य जमत नाही.

समारंभ शाळेच्या हॉलमध्ये होता. बारा वाजता गावची लाइन, म्हणजे वीज, जायची, म्हणून बाबांना पावणेबाराची वेळ दिली होती. त्याआधी मुलीचे दोन शब्द. मी शाळेच्या माइकसमोर उभी राहिले. मागे खुर्चीवर बाबा, ओंजळीत तयार माइक, शेजारी मामा. दोन्ही माइक एकाच भोंग्याला जोडलेले.

आईच्या नोकरीवरून मी शिक्षणावर गेले, शिक्षणावरून शेतमालाच्या भावावर. बारा वाजायला सात मिनिटं होती तेव्हा मी म्हणत होते, "ज्यांचं कुणी ऐकत नाही, त्यांना बोलू दिलंच पाहिजे!" आणि टाळ्यांसाठी थांबले.

त्या शांततेत भोंग्यातून बाबांचा आवाज आला. कुजबुजीचा, पण खणखणीत. चकती मी फारच चांगली बसवली होती.

"हे अजून किती बोलून राह्यली?"

"भाऊजी, आता तं कुठी कापसावर आली," मामाही भोंग्यातून म्हणाला. "बायकाइचा प्रश्न बाकीच हाय."

"लाइन जाईन ना बे. मले हिच्या मायसाठी एकच वाजवाचं होतं. लग्नात वाजवीन म्हटलं होतं, अन् लाजलो. तीस वर्सं झाले त्याले."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मला वाटतं, हसले असते तर बरं झालं असतं. ज्याचं कुणी ऐकत नव्हतं तो माणूस माझ्या पाठीमागे दोन हातांवर बसला होता, आणि त्याची वेळ मीच खात होते.

"बस वं पोरी आता," पहिल्या रांगेतून आई म्हणाली. "वाजवू दे त्याइले."

मी बसले. बाबा उठले. तो माइक बाज्याच्या आवाजाला जरा घोगरा करतो. अर्ध्यात लाइन गेली. बाबा थांबले नाहीत. पंखे बंद पडलेल्या त्या हॉलमध्ये उरलेलं गाणं शेवटच्या रांगेपर्यंत नीट ऐकू गेलं. आई चष्मा पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी लांबी खरवडून काढली आणि मुकाट्याने बटण परत बसवलं. बाबांनी ते दोनदा चालू-बंद करून पाहिलं.

"काम चांगलं केलं," ते म्हणाले. "पण हे माइकले काऊन लावलं? तुले लावाचं होतं."