टेबलावर उभी केलेली पोरगी

"चपला काढा तिच्या आणि उभी करा टेबलावर."

असं म्हणाले ते. ते म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. तालुक्यातल्या सगळ्यात मोठ्या इंग्रजी शाळेचे मालक. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. मीही म्हणायची, त्या दिवसापर्यंत.

जून महिना. शाळा उघडायच्या होत्या. भाऊसाहेबांच्या केबिनमध्ये एसी चालू. सोफ्यावर चार-पाच पाहुणे. एक डॉक्टर, एक रस्त्याचे कंत्राटदार, बाकीचे खादीचे कडक कपडे घातलेले. त्यांच्यासाठी कपबशीत चहा आणि स्टीलच्या ताटलीत बिस्किटं. आम्ही दाराजवळ उभे. खुर्च्या होत्या. रिकाम्या होत्या. बसा असं कोणी म्हणालं नाही. आमचा चहा आला तो कागदी कपात.

इशूच्या बाबांनी वाकून तिच्या चपलांचे बंद सोडले. ऑटो चालवून राठ झालेले हात, बंद लवकर सुटेना. मग तिला काखेत धरून उचललं आणि काचेच्या टेबलावर ठेवलं. माझी पोरगी. सहा वर्षांची. अनवाणी.

"हं, सांग बेटा. सत्तावीस नवे?"

"दोनशे त्रेचाळीस."

"एकशे चव्वेचाळीसमधून अठ्ठ्याऐंशी गेले?"

"छप्पन."

"अरे, थांबा, थांबा. पुन्हा विचारा. व्हिडिओ चालू करतो."

पुन्हा विचारलं. पुन्हा तिनं सांगितलं. डॉक्टरांनी पेपर पुढे धरला, तिनं मथळा घडाघडा वाचला. कंत्राटदार म्हणाले, "अजून एक, अजून एक." सगळे हसत होते. वाईट मनानं नव्हे. मजा वाटत होती त्यांना. तेच मला आज जास्त झोंबतं.

मी दाराशी उभी राहून मनात म्हणत होते, सांग इशू, बरोबर सांग. एवढं झालं की शाळा मिळाली तुला.

कारण शाळा मिळत नव्हती. हे आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, गेलीच कशाला तिथं.

इशू तिसऱ्या वर्षी एसटीवरच्या पाट्या वाचायला लागली. मेहकर, चिखली, साखरखेर्डा. शिकवलं कोणी नाही. जानेफळला आमचं घर रस्त्यावरच आहे, मी समोरच्या खोलीत मशीनवर ब्लाऊज शिवते. ती मशीनखाली बसून माझ्या टेपशी खेळायची. एक दिवस म्हणाली, "आई, टेप शून्यापासून सुरू होते. शून्याच्या अलीकडं काय असते?" मी म्हटलं, काही नसते. ती म्हणाली, "असते ना. जमीन शून्य हाये, तं विहिरीतलं पाणी कुठं हाये?"

मी पाय थांबवले. मशीन थांबली. मी बारावी झालेली बाई, वजा म्हणजे काय ते मला माहीत होतं. मी सांगितलं. तिनं ते असं उचललं की दोन दिवस ती घरातली प्रत्येक गोष्ट वजा करत हिंडली. बापाची झोपसुद्धा.

मला आनंद झाला, आणि काळजीही वाटली. एवढ्या डोक्याचं आता करायचं काय? शेजारणी म्हणाल्या, "पोट्टीच्या जातीले एवढं डोकं चांगलं नसते वं." ब्लाऊजचे गळे त्या महिन्यात त्या सगळ्यांचे जरा घट्टच झाले.

गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती अंगणवाडीतून उठून पहिलीच्या वर्गात जाऊन बसायची. मोठे गुरुजी बसू द्यायचे. पण हाताची घडी आणि तोंडावर बोट. कारण तोंडावरचं बोट निघालं की प्रश्न निघायचा. गुरुजी तरी काय करतील? एका खोलीत दोन वर्ग, आणि हातात सारखा मोबाईल, वरून आलेली माहिती भरायला. एक दिवस मला म्हणाले, "वहिनी, ही आपल्या शाळेतली पोरगी नाई. हिच्यासाठी दुसरी शाळा पाहा." कौतुकानंच म्हणाले. पण घरी येऊन पाहते तर जेवतानाही पोरीचं बोट तोंडावर. सवय लागली होती.

मग दुसरी शाळा पाहिली. चिखलीकडची. तिथल्या मॅडमनी इशूकडे पाहिलंच नाही. आम्हा दोघांना विचारलं, पदवीधर आहात का, घरी इंग्रजी बोलता का. आमची तोंडं पाहून म्हणाल्या, "इथं मुलाला घरूनही सपोर्ट लागतो." आम्ही बाहेर आलो. पोरगी तोवर व्हरांड्यातला इंग्रजी सूचनाफलक वाचून मोकळी झाली होती.

आणि मग भाऊसाहेबांचा माणूस घरी आला. इशूचं नाव त्यांच्या कानावर गेलं होतं. म्हणाला, "संस्था पोरीले दत्तक घेईन. दहावीपर्यंत सगळं फुकट." दत्तक हा शब्द मला टोचला. आई-बाप धडधाकट असताना दत्तक? पण इशूचे बाबा म्हणाले, "शब्दाले काय चाटतं तू. शाळा पाह्य." त्या माणसानं सोबत आणलेला गणवेश तिला घातला, टाय लावला, फोटो काढला आणि गणवेश परत घेऊन गेला.

तो फोटो आम्हाला दिसला तो त्या दिवशी, स्टँडवर उतरल्यावर. चौकात भलंमोठं फ्लेक्स. वर भाऊसाहेबांचा हात जोडलेला फोटो, खाली माझी पोरगी. बाजूला लिहिलेलं, 'आमच्या शाळेने घडवलेली बालप्रतिभा. प्रवेश सुरू.'

इशूनं वाचलं आणि विचारलं, "आई, मी अजून याहीच्या शाळेत गेलीच नाई. मंग याहीनं मले कधी घडोलं?"

बाबा म्हणाले, "चाल, उशीर होऊन राह्यला."

तर ती टेबलावर उभी होती. उत्तरं सांगून सांगून तिचे कान लाल झाले होते. मग तिनं भाऊसाहेबांकडे पाहून विचारलं, "आता मी विचारू?"

सगळे हसले. "विचार, विचार."

"वजाले वजानं गुणलं तं अधिक होते म्हणते माही आई. पण मंग विहिरीत अजून विहीर खांदली तं माणूस वर कसा येईन?"

हा तिचा महिनाभराचा प्रश्न होता. मला सांगता आला नव्हता. मी शाळेत तो नियम पाठ केला होता, का ते कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. बसमध्ये ती मला म्हणाली होती, "तिथं मोठे सर असतीन ना, त्याहीले विचारीन." तेवढ्यासाठी ती खुशीनं आली होती. शाळा म्हणजे तिच्या लेखी एवढंच, आपल्याला न येणारी गोष्ट जिथं विचारता येते ती जागा.

केबिनमध्ये हशा उसळला. "विहिरीत विहीर! बापरे!" डॉक्टर म्हणाले, "तो नियमच आहे बेटा." ती म्हणाली, "काऊन हाये पण?" भाऊसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "बस झालं बेटा. उतर आता. हुशार आहेस." आणि पाहुण्यांकडे वळून, "बघा, असे हिरे आम्ही खेड्यापाड्यातून शोधून काढतो."

इशू स्वतःच टेबलावरून खुर्चीवर, खुर्चीवरून खाली उतरली. बिस्किटांची ताटली रिकामी झाली होती. ती तिनं उचलली. दोन्ही हातांनी धरली. आणि सोफ्याच्या एका टोकापासून प्रत्येक पाहुण्यासमोर जाऊन उभी राहू लागली.

आधी कोणाला कळलं नाही. मलाही नाही. मग कंत्राटदारांना कळलं. ते खदखदा हसले आणि खिशातून नोट काढून ताटलीत टाकली. डॉक्टरांनीही टाकली. भाऊसाहेब म्हणाले, "वा! व्यवहारातही हुशार!"

मी पुढे झाले. "इशू, काय करून राह्यली तू?"

ती माझ्याकडे शांतपणे पाहत म्हणाली, "खेळ झाला ना आई. आता ताट फिरोतात."

आमच्या आठवडी बाजारात डोंबारी येतात. बाप ढोलकं वाजवतो, पोरगी दोरीवर चालते, खाली उतरते आणि ताट घेऊन लोकांपुढे फिरते. इशू ते नेहमी पाहायची. आपल्याला उंचावर चढवलं, माणसं जमली, आपण करून दाखवलं, माणसं हसली, आपलं कोणी ऐकलं नाही. पुढचं काय ते तिला माहीत होतं. ती चुकली नव्हती. त्या खोलीत काय चाललंय ते फक्त तिला समजलं होतं.

माझ्या डोक्यात सणक गेली. आणि लगेच दुसरी. त्या डोंबाऱ्याच्या पोरीत लाजण्यासारखं काय आहे? ती पोटासाठी दोरीवर चढते. लाज वाटायला हवी ती खाली उभं राहून टाळ्या पिटणाऱ्यांना. तिलाही कधी कोणी विचारलं नसेल, तुला काय विचारायचं आहे म्हणून.

मी ताटली घेतली. नोटा काचेवर ठेवल्या. ताटली ठेवली.

"माही पोरगी शिकायले आली होती, भाऊसाहेब. तुमी तिचा खेळ केला."

"बाई, फुकटात शिकवतोय आम्ही. विसरू नका."

"फुकट नाई हे. किंमत पाह्यली मी आता, या टेबलावर."

"अगं पण जाशील कुठं?" अहोवरून ते अगंवर आले. "जिल्ह्यात कोण घेणार आहे हिला? कोणाची ऐपत आहे?"

मी पोरीला उचललं आणि दार ढकलून बाहेर आले. तिच्या चपला आतच राहिल्या. बाबा घ्यायला वळले. मी म्हटलं, "राहू द्या. तिथं आता वाकायचं नाई." ते तसेच थांबले. मग त्यांनी तिला माझ्याकडून खांद्यावर घेतलं, कारण डांबर तापलं होतं.

स्टँडपर्यंत ते झपाझपा पुढे चालत राहिले. मग भडकले. "एवढी मोठी शाळा लाथाडली तू. आता काय गोवऱ्या वेचायले लावतं पोरीले?" मी म्हटलं, "तुमी वाकून बंद सोडले तिच्या चपलांचे. अन् त्याहीनं तुमाले बस नाई म्हटलं." त्यांनी चौकातल्या फ्लेक्सकडे पाहिलं. मग इशूला माझ्याजवळ दिलं, खांबावर चढले आणि दोऱ्या सोडायला लागले. पानठेल्यावाला ओरडला, "अबे, काय करतं बे?" वरूनच म्हणाले, "माही पोरगी हाये. घरी नेऊन राह्यलो."

ते फ्लेक्स आता आमच्या कुटारावर, गुरांच्या भुशाच्या ढिगावर, झाकलेलं आहे. छापील बाजू खाली. पावसाचा एक थेंब आत जात नाही, एवढं चांगलं काम भाऊसाहेबांच्या संस्थेनं आमच्यासाठी केलं.

दुसऱ्या दिवशी मी गावातल्या शाळेत गेले. मोठे गुरुजी म्हणाले, "वहिनी, मी सांगतलं होतं तुमाले, ही आपल्या शाळेतली नाई."

मी म्हटलं, "गावातली हाये ना? मंग शाळेतली हाये. नाव टाका."

आणि मग मी मागितलं. विनंती नाही केली, मागितलं. गणिताच्या तासाला ती चौथीत बसेल. खेळायला, जेवायला आपल्या वयाच्या पोरांत. शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालकांची जागा असते, ती मला पाहिजे, आणि मी फक्त सही करायला येणार नाही. आणि शेवटचं, तोंडावर बोट नाही. तिच्याही नाही आणि दुसऱ्या कोणाच्या लेकराच्याही नाही.

गुरुजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "अन् तिच्या प्रश्नाचं उत्तर मले नाई आलं तं?"

हे मात्र त्या केबिनमध्ये कोणी म्हणालं नव्हतं.

"तं नाई येत म्हणा, गुरुजी. तिले चालते. दोघं मिळून शोधा."

ते हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. केंद्रप्रमुखांना विचारतो म्हणाले. मी म्हटलं, विचारा, मी रोज येते. आणि रोज जाते. शिवणं बाजूला ठेवून जाते. व्हरांड्यात बसते. समितीतल्या मोठ्या घरच्या माणसांना माझं बसणं खुपतं. एक जण म्हणाला, ब्लाऊज शिवणारी आता शाळा चालवणार का. मी म्हटलं, हाव, चालवीन.

चांगली शाळा शोधत मी तालुके पालथे घातले. आता शोधणार नाही. आता इथंच, माझ्या गावात, आहे त्या शाळेला धरून बसणार. ती माझ्या पोरीजोगी होईपर्यंत उठणार नाही. माझ्या पोरीजोगी झाली तर त्या डोंबाऱ्याच्या पोरीजोगीही होईल, तिलाही मी हात धरून आणून बसवीन.

अजूनही लग्नात, बारशात कोणीतरी म्हणतंच, "हुशार पोट्टी ते हेच काय? म्हणून दाखव वं काई." मी मध्ये पडते. सांगते, ती दाखवत नाही, ती विचारते. तयारी असेल तर खाली बसा तिच्याजवळ.

आणि टेबलावर ती पुन्हा चढेल. नक्की चढेल. फळ्याच्या वरच्या टोकापर्यंत हात पुरत नाही म्हणून चढेल. दुसऱ्या कशासाठी तिला चढवायला कोणी आलं, तर आधी गाठ माझ्याशी आहे.